पुतळ्याला माझं तोंड

मला लिहिता येत नाय. तिसरीत मास्तरांनी मला एकदा बसवलं, परत बसवलं, आन मंग वैतागून म्हनले, "पोपट, तू आता बाकाचं लाकूड झालास, जा घरी." तवापासून मी घरीच हाय. आता ह्या मोबाईलमधी बोललं का त्याची अक्षरं होत्यात, म्हनून माझ्यासारख्या ठोंब्याला आठवनी सांगायची हौस सुटली. बायको म्हनती, घरातले ऐकून ऐकून कंटाळले, आता फोनलाबी कंटाळा आना.

आमच्या गावाला यायचं तर सिन्नरला उतरायचं, भरलेल्या जीपला मागं लटकायचं आन डायवरला सांगायचं, शहीद चौक. जीप थांबती तिथं समोर मीच दिसतो. दोनदा दिसतो. एकदा वर चौथऱ्यावर, अंगात वर्दी, हातात बंदूक, छाती पुढं. आन एकदा खाली, चहाच्या टपरीच्या बाकड्यावर, हातात गलास, छाती आत. सकाळी भरतीची तयारी करनारी पोरं चौकात पळायला येत्यात. पुतळ्याच्या पाया पडत्यात, आन एखादा टग्या माझ्याकडं बघून म्हनतो, "काका, तुमच्याबी पडू का? डब्बल पुन्य." मी म्हनतो, पड बाबा, पन मागायचं ते वरच्याला माग, माझ्याकडं मागशील तर नापास व्हशील. पोरं हसत्यात, मीबी हसतो. पुतळा माझ्या भावाचा हाय, तोंड माझं हाय. गावात ही गोष्ट सगळ्यांना म्हाईत हाय आन सगळे ती हसून सांगत्यात. मीबी हसूनच सांगत आलो. पन ती जिथं संपवत्यात तिथं ती संपत नाय.

आमचं घर कुंभारवाड्याच्या टोकाला. सकाळी डोळा उघडायच्या आधी कानात आवाज यायचा, थप थप थप. नाना, म्हंजे माझा बाप, ओल्या मडक्याला आतून दगडाचा गुंडा लावून बाहेरून थापटीनं ठोकायचा. त्या ठोक्यावरच आमची चूल पेटायची, शेळी वरडायची, आई शिव्या द्यायची. माती तुडवायचं काम आईचं. लीद, राख, गाळाची माती, सगळं पायानं तुडवून लोन्यासारखं करायची. तिच्या टाचा इतक्या फुटलेल्या का त्यात माती जाऊन बसायची, मी म्हनायचो, आई, तुझ्या पायात हरभरा पेरला तर उगवंल. ती हातातलं फेकून मारायची. तिचा नेम चांगला व्हता. मडकी भाजायचा आवा पेटला का वाड्याभर धूर, आन त्या धुरात शेंगोळ्याचं पातेलं रटरटायचं. कुळथाचे शेंगोळे, वर लसनाची फोडनी. आजबी कुनाच्या घरी शेंगोळे झाले का मला आधी धुराचा वास येतो, मंग लसनाचा.

भाऊ माझ्याहून मोठा. रंगनाथ. आई त्याला रंगा म्हनायची, लाडात आली का 'माझ्या राजा' म्हनायची. चाकावर बसला का मातीच त्याचं ऐकायची. मी बसलो का मडकं तोंड वाकडं करून बघायचं, तुझ्यासारखंच करू का म्हनून. नाना माझी मडकी कोंबड्यांना पानी प्यायला ठेवायचा, आन कोंबड्यासुदिक शेजाऱ्याकडं जाऊन प्यायच्या. रंगाला भाकर तव्यावरची, मला टोपलीतली. रंगाला दुधावरची साय, मला पातेल्याची खरवड. माझी तक्रार नाय, खरवड मला अजून आवडती. घरात एक पोरगा चांगला निघाला का दुसऱ्यानं विदूषक व्हायचं असतं, ते काम मी मन लावून केलं.

वर्सातून एकदा, आखाजीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, आख्खं गाव आमच्या दारात यायचं. ज्याच्या घरातलं मानूस गेलंय तो त्याच्या नावानं नव्या घागरीत पानी भरतो, वर आंबा आन डांगर, म्हंजे खरबूज, ठेवतो, पुरनपोळी-आमरसाचं ताट वाढतो आन गेलेल्या मानसाचं नाव घेऊन हाक मारतो. त्या दिवशी पितर जेवायला येत्यात, असं आमच्यात मानत्यात. सगळ्या गावाच्या मेलेल्या मानसांचं पानी आमच्या घरच्या मातीत भरायचं. आई एकेक घागर बोटानं वाजवून द्यायची. "ही ने तुझ्या सासूला. गळायची नाय. जित्तेपनी तिच्या डोळ्यातून गळलं तेवढं बास." बाया हसत हसत रडायच्या.

मिलिट्रीची भरती नाशिकला व्हती. आम्ही दोघंबी गेलो, म्हंजे रंगा भरतीला गेला आन मी त्याची चप्पल सांभाळायला. तरी हौस म्हनून लाईनीत उभा ऱ्हायलो. छाती मोजनारा म्हनला, फुगव. मी फुगवली. तो म्हनला, फुगव की. मी म्हनलो, सायब, फुगवलेलीच हाय. रंगा भरती झाला आन मी दोन चपला घेऊन घरी आलो. आई दारात उभी व्हती. माझ्या मागं बघत ऱ्हायली, त्याची वाट. नंतर तिची ती सवयच झाली.

रंगा गेला तो बरफात. कुठला डोंगर, त्याचं नाव मला तवाबी बोलता आलं नाय. दुपारची वेळ, एक जीप आली, तिच्यातून दोन फौजी उतरले आन काळी पेटी उतरवली. आईला वाटलं रंगानं सामान पाठवलं. तिनं चहा ठेवला, चांगला आलं घालून. त्यातला एक मराठी व्हता, तोच बोलला, कप हातात धरून, खाली बघून. बरफाचा कडा कोसळला, चार जन गाडले गेले, लय हुडकलं, तिघं मिळाले, रंगनाथ मिळाला नाय. नाना भिंतीला टेकून खाली बसला. आई म्हनली, "मिळाला नाय? मंग हुडका की आजून. हितं चहा प्यायला कशाला आले?" त्या फौजीनं कप खाली ठेवला. त्यातला चहा तसाच ऱ्हायला, माशी पडेपर्यंत.

आई रडली नाय. बांगड्या-कपाळाचा प्रश्न नव्हता, लगीन झालेलं नव्हतं त्याचं. भावकी जमली. देह नाय तर दहावा कसला करायचा? भटजी म्हनला, त्याला उपाय हाय, पिठाचा मानूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा. चुलता पीठ घेऊन आला. आईनं ती परात आत नेली. आम्ही बाहेर बसून ऱ्हायलो, वाटलं आतून रडायचा आवाज यील. आला तो भाकरी थापायचा. त्या पिठाच्या तिनं भाकरी केल्या आन आम्हाला वाढल्या. नानानं ताट सारलं. भावकी उठून गेली. मी खाल्ली. गरम भाकर, तीबी तव्यावरची, मला कधी मिळत नव्हती. खरं सांगायचं तर तवा भूक लागली व्हती.

मंग आखाजी आली. आईनं गावाला घागरी वाजवून दिल्या आन आमच्या देवळीत काय ठेवलं नाय. नाना म्हनला, "आगं, पोरगं तहानलेलं ऱ्हाईल." आई म्हनली, "तो जित्ता हाय. जित्त्याच्या नावानं घागर भरू? मारायचंय का त्याला?" पुढल्या आखाजीलाबी तेच. नाना रात्रंदिवस एकच घोकायचा, त्याला पानी नाय मिळालं, तो तिकडं बरफात तहानलेला हाय. बरफात कसला तहानलेला, म्हनून मी एकदा हसवायला गेलो. नानानं थापटी उचलली, मारली नाय, तशीच हातात धरून बसला. त्या दिवसापासून आमच्या घरातली थप थप कमी होत गेली.

अशात गावानं ठरवलं, स्मारक बांधायचं. गावातले आधीच्या लढायांत गेलेले दोन जन व्हते, एक पाटलाचा आन एक शेख चाचा, त्यांची नावं संगमरवरावर. रंगा सगळ्यात ताजा, म्हनून त्याचा पुतळा. सरपंच आप्पा घरी आले, गोड बोलून म्हनले, "मावशी, रंगाचा एक फोटो द्या. मूर्तिकाराला पायजे." फोटो व्हता, वर्दीतला, आईच्या पेटीत, लुगड्यात गुंडाळलेला. आई पेटीवर जाऊन बसली. "पुतळे मेलेल्याचे असत्यात," म्हनली, "फोटो दिला म्हंजे मी हो म्हनल्यासारखं होतं." आप्पांनी हात जोडले, नानानं हात जोडले. बाई पेटीवरून हालंना. मंत्र्याची तारीख तर ठरून बसलेली. शेवटी आप्पांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी पायरीवर बसून कांदा फोडत व्हतो. आप्पा म्हनले, "ह्याचं नाक रंगावर हाय का रे?" नाना बराच वेळ बघत ऱ्हायला, जसा मला आजच आनलाय बाजारातून, आन म्हनला, "नाक हाय. बाकी काय नाय."

नाशिकला मूर्तिकाराच्या शेडमधी मला नेलं. सोनवने म्हनून व्हता, शिकलेला, चष्मेवाला. चहूकडं पुढारी अन गनपती, कुनाला मुंडकं नाय तर कुनाला सोंड नाय. माझ्या हातात झाडूचा दांडा दिला, बंदूक म्हनून. 

"छाती पुढे काढ," तो म्हनला. 

"काढलीये." 

"ही?" त्यानं चष्मा वर केला. "बरं, राहू दे, छाती मी लावतो माझ्या मनानं. हसू नकोस. तू देशासाठी प्राण दिला आहेस." 

आता असं कुनी म्हनल्यावर हसू येनार नाय तर काय? तो चिडला. "अरे, तुझा सख्खा भाऊ गेलाय ना?" 

मंग मात्र हसू गेलं. तोंड आपोआप लांब झालं, व्हट थरथरले. "हां, हेच," तो म्हनला, "असाच थांब," आन पटापटा माती लावत सुटला. भाऊ गेल्यावर मी घरात एकदाबी रडलो नव्हतो, आईच रडत नव्हती तर मी कोन रडनारा. त्या शेडमधी, झाडू धरून, मुंडकी नसलेल्या पुढाऱ्यांत उभा राहून रडलो, आन त्यानं ते सगळं पुतळ्यात घेतलं. शाडूच्या मातीत आधी, मंग सिमेंटात. म्हनून पुतळा बारकाईनं बघाल तर शिपाई थोडा रडका दिसतो. लोकांना वाटतं, तेज हाय.

उद्घाटनाला आख्खा तालुका लोटला. बँड, मांडव, शाळेची पोरं कडक इस्त्रीत. आई यायला तयार नव्हती. शेख चाची येऊन तिला घेऊन आली, "चल, मेरे आदमी का नाम है उधर, माझ्यासाठी चल," असं म्हनून. आम्हाला पुढच्या खुर्च्या. मंत्र्यानं दोरी ओढली, कापड खाली आलं. सगळ्यांनी माना वर केल्या. मंग वडाच्या झाडावरून कोनतरी वरडलं, "आरं, हा तर पोप्या!" 

सगळा चौक हसला. दाबून हसला, मंग मोकळा हसला. बँडवाल्याची पिपानी फुसकन वाजली. मीबी हसलो, सवय. मंत्र्याला कळंना काय झालं, त्यांनी गडबडीत मोठा हार उचलला, झेंडूचा, मनगटाएवढा जाड, आन शिडीवर चढून पुतळ्याच्या गळ्यात घालायला गेले. तेवढ्यात माझ्या बाजूची खुर्ची उलटी झाली. आई चौथऱ्यावर. तिनं खालून मंत्र्याचं धोतर धरलं. 

"खाली उतर! जित्त्या पोराला हार घालतो व्हय रं?" 

आप्पा पळत गेले. "मावशी, आवो सोडा, हा रंगाच हाय. फक्त तोंड पोपटचं." 

"तोंड पोप्याचं म्हंजे पोप्याच की! मानूस तोंडावरून वळखत्यात का ढुंगनावरून?" 

चौक परत हसला. शेवटी मंत्र्यानं हार बंदुकीला अडकवला, नारळ फोडला आन गाडीत बसले. तवापासून आमच्या गावात हार बंदुकीलाच घालत्यात, गळ्यात नाय. झेंडावंदनाला येनारे नवे सायब विचारत्यात, असं का, तर तलाठी सांगतो, परंपरा हाय. 

चाचीनं आईला सावलीला नेलं. म्हनली, "अगं, माझ्या मानसाचं नुसतं नाव हाय दगडावर. तुझ्या पोराला आख्खं अंग मिळालं." आई म्हनली, "अंग कुनाचंबी आसंल. तो माझा नाय."

मी मात्र त्या दिवशी तरंगत घरी गेलो. लोकांनी चेष्टा केली, पोरं मागं लागून सलाम ठोकत व्हती, मला काय वाटलं नाय. माझी आई मंत्र्याच्या धोतराला लटकली. कुनासाठी? माझ्यासाठी. पोप्याला हार घालू दिला नाय तिनं. संध्याकाळी मी न सांगता माती तुडवली, पानी आनलं, शेळीचं दूध काढलं आन सांडलं. आईनं शिव्या दिल्या. त्यासुदिक गोड लागल्या. गावातले ही गोष्ट हितं संपवत्यात, धोतराला हात घातला आन सगळे हसले, इथं.

त्यानंतर आखाजी आली. नाना आता अंथरुनाला लागलेला. ताप नाय, दुखनं नाय, नुसता पडून छपराकडं बघायचा. बोलायचा तर एवढंच, "त्याला पानी द्या." आदल्या दिवशी त्यानं आईचे पाय धरले, खरोखर धरले, मातीचे, भेगाळलेले. आई पाय सोडवून आत गेली. सकाळी उठून बघतो तर देवळी सारवलेली, तिच्याखाली पाट मांडलेला, आन त्यावर घागर. नवी, कोरी, कंठाला दोरा गुंडाळलेली, वर डांगर अन आंबा. पुरन शिजल्याचा वास घरभर. नाना उठून बसला, दोन्ही हातांनी भिंत धरून, आन त्याचे डोळे गळायला लागले. मला आनंद झाला. हे बोलायला बरं दिसत नाय, पन झाला. वाटलं, सुटलो. आता घर परत वाजायला लागंल.

आईनं निखाऱ्यावर तूप सोडलं. ताट वाढलं, पोळ्या, आमरस, कुरडई, कटाची आमटी. पदर सारखा केला. नाना म्हनला, "घे, नाव घे त्याचं." 

आईनं हात जोडले आन म्हनली, "पोपट. ये बाबा जेवायला."

मला वाटलं मला जेवायला बोलावती. मी उठलोबी, हात धुवायला. नाना म्हनला, "आगं, आगं, रंगाचं घे की नाव. पोप्या हितं हाय." 

"हितंच आसनार," आई म्हनली. "पितर आखाजीला जेवायलाच येत्यात." 

तिचा आवाज बिघडलेला नव्हता, डोळे फिरलेले नव्हते. बाजाराला जाताना बोलती तशी बोलत व्हती. "घरातला एक गेला, हे तुम्ही सगळे म्हनता. फौजी म्हनले, भावकी म्हनली, मंत्री येऊन म्हनला. येवढी मानसं खोटं बोलत्यात असं मी म्हनत नाय. चौथऱ्यावर चढून मी त्याचं तोंड बघितलं. तो पोप्या हाय. एक दिला मी तुम्हाला. आता रंगाला कुनी मागू नका."

नाना परत आडवा झाला, तोंड भिंतीकडं करून. तो पुढं लय दिवस जगला नाय, आन जाईस्तोवर पान्याचा विषय त्यानं काढला नाय. आईचं डोकं फिरलं असं कुनी म्हनंल तर ते खरं नाय. दुसऱ्या दिवशी तिनं मला माती आनायला धाडलं, उशीर झाला म्हनून शिव्या दिल्या, घासाघीस करून चाचीला दोन मडकी विकली. वर्सभर मी तिचा नालायक पोरगा व्हतो, एकदम जित्ता. फक्त आखाजीला नाय. ती असेपर्यंत दर आखाजीला घागर माझी भरायची. लगीन झाल्यावर बायको पयल्या वर्सी हे बघून माहेरी निघाली व्हती.

पन त्या पयल्या आखाजीचं सांगतो. मी उभाच, ओल्या हातानं. आई म्हनली, "बस की." मी पाटावर बसलो. घागर एका बाजूला, मी एका बाजूला. तिनं पोळीवर तूप घातलं, परत घातलं. कडेची नाय, मधली, गरम पोळी मोडून माझ्या आमरसात बुडवली. मी नको म्हनलो तर हात धरून वाढली. पदरानं वारा घालत बसली. "खा, माझ्या राजा," म्हनली. "लय लांबून आलास." माझ्याकडं इतका वेळ, इतकं नीट, ती कधी बघत नव्हती. नाकावर बघितलं, कपाळावर बघितलं, कानामागं माती लागलेली, ती बोटानं पुसली. मी जेवत ऱ्हायलो. जोक लय आठवले, एकबी बाहेर आला नाय. 

ताट संपलं. तिनं हातावर पानी घातलं, मंग दोन्ही हात जोडले आन दाराकडं बघून म्हनली, "जा आता. पुढच्या वर्सी ये." 

पितरांना असंच म्हनून वाटेला लावत्यात. मी उठलो, उंबऱ्यापर्यंत गेलो आन थांबलो. बाहेर ऊन मी म्हनत व्हतं, आवा थंड पडलेला, शेळी सावलीला बसलेली. कुठं जायचं ते मला कळंना. घर तर हेच व्हतं.